डाव्या बाजूचं मडगार्ड

रस्त्यात मोटार उभी दिसली की इंगळे मास्तरांचे पाय थांबायचे. गाडी कचेरीतल्या साहेबाची असो, डॉक्टरची असो की लग्नाला आलेल्या व्याह्यांची, मास्तर पुढून वळसा घेऊन तिच्या डाव्या बाजूला जायचे, छत्री काखेत धरायचे, डोळे मिटायचे आणि पुढच्या मडगार्डावरून तळहात फिरवायचे. लुगडं घेताना बाई पोत पाहते ना, तसा. ड्रायव्हर खेकसला तर म्हणायचे, "काई नाई बावा, रंग पाहून राहिलो," आणि चालू लागायचे. डोळे मिटून रंग कसा पाहतात हे विचारायचं ड्रायव्हरला सुचायच्या आत मास्तर पुढच्या गाडीपाशी पोचलेले असत. त्या काळी अमरावतीत मोटारी होत्या तरी किती! पण मास्तरांना शाळेतून घरी यायला दिवेलागण व्हायची.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन अकोल्याहून राजापेठेत आले होते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. इंगळे मास्तर मुलांच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि आमची-त्यांची एक भिंत सामाईक होती. घर दाखवताना आमचे हे म्हणाले, "शेजार चांगला आहे, फक्त वास येतो." वास म्हणजे कसा, तर पिकून फुटलेल्या फळावर कुणी रॉकेल ओतावं तसा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. तो मास्तरांच्या अंगणातून यायचा. त्या अंगणात टिनाच्या छपराखाली मास्तर मोटारींचे भाग बनवत असत.

हो, घरी, आणि तेही पत्र्याचे नव्हे, काचेचे. म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे. तेव्हा गाड्यांचे सुटे भाग मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. मडगार्ड गंजून चाळण झालं तरी लोक तारेनं बांधून गाडी हाकत. मास्तरांनी मुंबईला कुणाकडे तरी हे नवं काम पाहिलं आणि रेझिनचे डबे बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात येऊ लागले. रेझिन म्हणजे मधाच्या रंगाची, मधासारखीच दाट राळ. त्यात हार्डनरचे थेंब टाकले की ती आपोआप तापते आणि दगड होते. वैशाखात तर वाटीतल्या वाटीतच व्हायची. एकदा मास्तर मला काहीतरी समजावून सांगत बसले आणि हातातल्या वाटीतून धूर निघाला. "पाहा, बोलत बसलं का असं होते," म्हणाले, आणि त्या दिवसानंतर काम करताना माझ्याशी बोलले नाहीत.

काम मोठं चिवट होतं. आधी जुनं मडगार्ड ठोकून, भरून, घासून नव्यासारखं करायचं. त्यावर मेण लावायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, माशी बसली तर घसरेल इतकं. मग त्याच्यावरून साचा घ्यायचा. साचा सुटला की त्याच्या पोटाला पुन्हा मेण, त्यावर रेझिन, त्यावर ते पांढरं कापड, पुन्हा रेझिन, आणि ब्रशनं टोचून टोचून आतली हवा काढायची. मेण कुठे कमी पडलं तर साचा आणि मडगार्ड एकमेकांना सोडत नाहीत, दोन्ही फोडावी लागतात. कापडाचे बारीक कण अंगाला टोचायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवरून ते आमच्याकडे आले की आमचे हे ऑफिसात दिवसभर खाजवत बसायचे आणि संध्याकाळी माझ्यावर चिडायचे, जणू मीच खाजकुयली पेरली होती.

आणि साच्यातून सुटताना ते मडगार्ड आवाज करायचं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी अंबाडी निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडे कुणीतरी फार वेळ दाबून धरलेला श्वास सोडला. माणसाचा नव्हे, पण माणसासारखाच. मी जुडी तशीच टाकून अंगणात डोकावले. मास्तर आणि त्यांची भावजय शांता, दोघांनी दोन बाजूंनी एक पिवळसर कवच धरलं होतं. त्यातून ऊन आरपार येत होतं आणि पलीकडे शांताच्या हाताची सावली दिसत होती. "हवा शिरली का आवाज येते," मास्तर म्हणाले. कारण कळलं, तरी त्या आवाजाची मला कधी सवय झाली नाही. गल्लीतल्या बायका तर दुपारी तिकडून पोरांना जाऊ द्यायच्या नाहीत.

मी एकदा मास्तरांना सांगितलं की लोक तुमच्या घरात भूत आहे म्हणतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, आमी छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले. आता भूतं ठेवून घेऊ का?"

मास्तर उंच, वाळलेले, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत. नखांत प्लास्टर. कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची खोड. भिंत ठोकत, कोहळं ठोकत, दार उघडं असलं तरी ठोकत. माणसांनाही तोच हिशेब. त्यांच्या हेडमास्तरांबद्दल म्हणायचे, "वरून झ्याक हाय, पन आतून हवा धरली हाय." मला म्हणायचे, "तुमाले हवा नाई धरली, बाई. पन तुमी लवकर तापता." ते खरंच होतं, म्हणून मला राग यायचा.

एकदा साच्यात पाल अडकली. रेझिनचा पहिला हात ओला असताना ती छपरावरून पडली आणि तिथेच राहिली. मास्तरांनी ती काढली, पण तिचा ठसा राहिला, शेपटीच्या टोकासकट. ते मडगार्ड बडनेऱ्याच्या एका ठेकेदाराच्या जीपसाठी होतं. ठेकेदार बोट लावून बघतो तर खाली पाल. "मास्तर, हे शुभ का अशुभ?" मास्तर म्हणाले, "आमच्याकडे तो विषय बंद झाला. तुमी तुमच्या भटजीले इचारा." ठेकेदारानं खरंच विचारलं, आणि डाव्या अंगाची पाल धनलाभ करते असं कळल्यावर उजवीकडेही तसलीच पाहिजे म्हणून हटून बसला. मास्तरांनी ती हातानं कोरून दिली. ही एकच गोष्ट सांगताना मी त्यांना हसताना पाहिलंय.

एरवी ते का हसत नसत आणि हे सगळं कशासाठी करत होते, ते मला हळूहळू कळलं.

मास्तरांना मधुकर नावाचा धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेल्यावर मास्तरांनीच त्याला वाढवला, शिकवला, बडनेऱ्याला रेल्वेत चिकटवला. स्वतः लग्न केलं नाही, त्याचं मात्र केलं. नोकरी लागली तेव्हा त्याला सायकल घेऊन दिली आणि तिच्या चेनकव्हरवर स्वतःच्या हातानं पिवळी वेल काढली. मी राजापेठेत येण्याच्या आदल्या वर्षी, बडनेऱ्याहून संध्याकाळी घरी येताना, त्याला मागून एका मोटारीनं उडवलं. मोटार थांबली नाही. लोकांना तो सापडला तेव्हा जीव गेलेला होता, पण रस्त्यापासून बाभळीपर्यंत धुळीत अंग घासत नेल्याची खूण होती. म्हणजे तो बराच वेळ जिवंत होता.

गाडी कुणाची ते कळलं नाही. सायकलच्या उजव्या मुठीला गाडीचा रंग लागलेला होता असं एक जण म्हणाला, म्हणजे धक्का गाडीच्या डाव्या मडगार्डाचा. पण पंचनाम्यानंतर सायकल परत देताना ठाण्यातल्या एका शिपायानं ती स्वच्छ धुतली. घरच्यांना रक्त दिसू नये म्हणून. भला माणूस होता. त्याच्या भलेपणात तो रंगही वाहून गेला.

ती सायकल छपराच्या आड्याला लटकवलेली होती. पुढचं चाक पिळवटलेलं, मूठ खाली आलेली. तिच्या खालीच मास्तर काम करत आणि तिच्या खालीच शांता भाकरी थापायची.

मास्तरांचं गणित साधं होतं आणि त्यांनी ते मला सरळ सांगितलं. गावातल्या गॅरेजवाल्यांना पोलिसांनी ताकीद दिली होती, तेव्हा ज्यानं केलं तो गॅरेजात जाणार नाही. तो असा माणूस शोधेल जो घरी काम करतो, पावती देत नाही, फार विचारत नाही. "मी तेच होऊन बसलो हाय, बाई. वऱ्हाडात हे काम करनारा दुसरा हाय कोन? त्याले इथंच या लागन."

"आणि आला तर?"

"इचारीन."

"काय विचाराल?"

"थांबला काहून नाई. बस. पोलीस नाई, मारामारी नाई. माया मधू वाट पाहून राहिला होता, थांबला काहून नाई, तेवढं सांग म्हनीन."

शांता चुलीपाशी बसली होती. मास्तर उठून गेल्यावर तिनं मला म्हटलं, "दादाले एक इचारायचं हाय. मले कोनाले काईच इचारायचं नाई, ताई. मले फक्त ती सायकल खाली पाह्यजे. मी रोज तिच्याखाली जेवतो."

त्यांच्या घरात कुंकू छप्पन सालीच गेलं होतं. नवरा गेला तेव्हा शांताच्या कपाळावरून पुसायला काही उरलंच नव्हतं. नव्या माणसाला तिच्याकडे पाहून काही कळायचं नाही. मलाही पहिले काही दिवस वाटत होतं की हिचा नवरा परगावी असेल.

मग एका उन्हाळ्याच्या दुपारी मास्तरांनी मला ती खोली दाखवली. मी बाटलीभर लिंबाचं सरबत घेऊन गेले होते. मागच्या खोलीत खिडकीच्या दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर पांढरे प्लास्टरचे गोळे ओळीनं मांडले होते. मला वाटलं फळं असावीत, मुलांना चित्रं काढायला देतात तशी. पण फळं नव्हती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मडगार्डाचा पोचा बुजवण्याआधी मास्तर त्यात प्लास्टर ओतून त्याचा उठाव घेत असत. पोच्याचा उठाव म्हणजे ज्या वस्तूनं पोचा पाडला तिचा आकार. पत्र्यात खोल गेलेलं इथे फुगून वर आलेलं.

मास्तर एकेकावर बोट ठेवत गेले. "हे बाभूळ. हे फाटकाचा खांब. हे बैलाचं शिंग, टोक पाहा. हा मैलाचा दगड."

"आणि हे?" मी खिडकीच्या डावीकडच्या फळीकडे बोट केलं. तिथले उठाव वेगळे होते, मऊ, फुगीर, कडा नसलेले.

"हे मानसं."

"कशावरून?"

"लाकूड चिरते, दगड टोचते. मानूस गोल लागते." त्यांनी एका उठावावर तळहात ठेवला. "हा खांदा. हे ढोपर. याचं नाई सांगता येत, बाईची कंबर असन."

मी ती फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. त्यातल्या किती गाड्या मी शहरात येता-जाता पाहत होते? त्यांचे मालक देवळात दिसत, शाळेच्या बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेत बसत. मला एकदम वाटलं की ह्या खोलीत आपण दोघेच नाही. बाटली तिथेच ठेवून मी घरी आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. भिंत तीच होती, सामाईक.

त्यातल्या कुणालाही मास्तरांनी काही विचारलं नव्हतं. त्यांना फक्त एकच उठाव हवा होता, गोल मुठीचा, शेजारी ब्रेकच्या दांडीची रेघ असलेला. तो मिळेपर्यंत बाकीचे त्यांच्या लेखी बाभळीसारखेच होते.

तो मिळाला पाच-सहा वर्षांनी, अकोल्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांच्या गाडीवर. काळी, जुनी, विलायती गाडी होती. वकील स्वतः चालवत आले, खाली उतरून मला आणि शांतालाही नमस्कार केला, इतका सभ्य माणूस. मडगार्डाला गंज लागला होता, तेवढंच काम. मास्तरांनी डोळे मिटून हात फिरवला आणि हात एका जागी थबकला. तिथे पोचा नव्हता, पुट्टी भरून रंग मारलेला होता. मास्तरांनी वकिलांना बाजेवर बसवलं, शांताला चहा ठेवायला सांगितला आणि पोलादी पत्री घेऊन पुट्टी खरवडायला लागले.

मी शांताला साखर द्यायला आले होते, ती तिथेच थांबले. पत्री खर्र खर्र चालत होती. पुट्टीचे पापुद्रे पडत होते आणि त्याखालून तो खड्डा हळूहळू वर येत होता, गोल, बोरापेक्षा मोठा, शेजारी लांब रेघ. मास्तरांनी शांताकडे पाहिलं. दोघांनी मिळून सायकल आड्यावरून खाली घेतली. वकील चहाची बशी हातात धरून बघत राहिले, यांना काय करायचंय ते त्यांना कळेना. मास्तरांनी सायकल गाडीशी नेली, थोडी तिरपी केली आणि मूठ त्या खड्ड्याला लावली. मूठ बसली. ब्रेकची दांडी रेघेवर बसली. मास्तरांनी हात सोडला तरी सायकल तशीच उभी राहिली, कुणी धरल्यासारखी.

"वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, "तुमी थांबले काहून नाई?"

वकिलांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील, कायदा काढतील. ते म्हणाले, "भ्यालो हो." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "पोरगं लहान होतं. सायकल त्याच्यापेक्षा उंच, दांडीखालून पाय घालून चालवत होतं. मागे चाऱ्याचा भारा. मूर्तिजापूरच्या अलीकडे..."

"मूर्तिजापूर?" मास्तर म्हणाले.

"हो."

"बडनेऱ्याच्या रस्त्याले नाई?"

"नाही. का?"

सायकलींच्या मुठी सारख्याच असतात. ब्रेकच्या दांड्याही. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मास्तर गाडीपाशी उभे राहिले, आणि वर्षानुवर्षं जपलेला प्रश्न भलत्याच माणसाला विचारून बसल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं. रिकामा होतो.

"त्या पोराचं मंग काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," म्हातारा म्हणाला. "कधी विचारलं नाही. पेपर वाचायचं सोडलं मी, त्यात असेल म्हणून."

मास्तरांनी हात धुतले, सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या आणि म्हणाले, "चला." त्या काळ्या गाडीत ते वकिलांच्या शेजारी बसले आणि दोघं मूर्तिजापूरच्या वाटेला लागले. मास्तर मोटारीत बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून सांगितलं. पोरगा सापडला. जिवंत होता, मिसरूड फुटलेलं, एका पायानं लंगडा, ढोरं राखायचा. वकील त्याच्यापुढे रडले तर तो लाजून हसला. "म्हने, मले वाटलं तुमी कईचे इसरले असान." मास्तर भिंतीवर पेर ठोकत राहिले. मग म्हणाले, "इतके वर्स त्या म्हाताऱ्यानं एका जित्या पोराचा खून वागवला, बाई. नुसतं इचारलं नाई म्हनून. मायावाला मानूसही असाच कुठी बसला असन. त्याले तरी काय मालूम, मधू वाचला का मेला." आणि पुढे जे म्हणाले ते मला मुळीच आवडलं नाही. "आता तो न आला तर बरं. आला तर सांगा लागन."

त्यानंतर मास्तरांनी रस्त्यातल्या गाड्यांना हात लावणं सोडलं. शाळेतून वेळेवर घरी यायला लागले. काम चालू होतं, पण उठाव घेत नव्हते, पोचा सरळ बुजवून टाकत. सायकल मात्र पुन्हा आड्याला गेली. मी शांताला विचारलं, तर म्हणाली, "दादाले खाली ठेवा म्हनलं तर ते आयकत नाईत. म्हनतात, कुठी ठेवू?"

पुढच्या हिवाळ्यात हिवरखेडचा एक बागायतदार जीप घेऊन आला. चाळिशीचा, दणकट, गळ्यात मफलर, बोलायला मोकळा. जीपचं बॉनेट करून पाहिजे होतं. जीप नवीकोरी, बॉनेटवर झाड पडलेलं, मडगार्डाला ओरखडाही नाही. शाळेसाठी फळं करायला मास्तर घमेल्यात प्लास्टर कालवत होते, दोन्ही हात आत, आणि त्यातच माप विचारत होते. मी आमच्या दारात बसून पेपर तपासत होते, मला सगळं दिसत होतं. तो माणूस गप्पा मारत छपराखाली आला, वर पाहिलं, आणि बोलता बोलता थांबला.

त्याला गाडीनं ओळखलं नाही, मास्तरांच्या हातानं नाही. त्याला त्या चेनकव्हरवरच्या पिवळ्या वेलीनं ओळखलं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचा मोकळा चेहरा माझ्यादेखत आवळत गेला.

"ही सायकल कोनाची, मास्तर?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्या माणसाकडे पाहिलं. "माया भावाची."

"बडनेऱ्याच्या रस्त्यानं जात जाये का तो?"

"हो."

शांता आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. मास्तरांचे हात घमेल्यात तसेच होते. तो माणूस खाली बसला, उकिडवा, लहान पोर बसतं तसा. "मीच तो," म्हणाला. "माई जुनी गाडी होती, ते मी इकली मंग. संध्याकाळ होती. धक्का लागला. मी पुढं जाऊन मांगं पाह्यलं, मास्तर. आई शप्पथ, पाह्यलं. त्यानं हात वर केला. असा. मले वाटलं जा म्हनते. मले वाटलं बरा हाय." त्यानं हात वर करून दाखवला आणि मला तो धुळीतला हात दिसला, बोलावणारा. "तवापासून हा रस्ताच टाकला मी. आज पयल्यांदा आलो. कसा हाय तो?"

इतकी वर्षं मास्तर ह्याच माणसासाठी दुकान मांडून बसले होते. प्रश्न न विचारताच त्याचं उत्तर समोर येऊन पडलं होतं. मी पेपर खाली ठेवले. आता मास्तर सांगतील, आता हा माणूस कोसळेल, आणि खरं सांगते, तो कोसळावा अशी माझी इच्छा होती.

मास्तर म्हणाले, "बरा हाय."

तो माणूस वर बघायला लागला.

"पाय मोडला होता, जुळला. मुंबईले असते आता. रेल्वेतच." आवाज नेहमीचाच, बॉनेटचं माप सांगावं तसा. घमेल्यातलं प्लास्टर घट्ट होत चाललं होतं. घट्ट होताना ते तापतं, चटका बसावा इतकं, पण मास्तरांनी हात काढले नाहीत.

"ह्या?" त्यानं शांताकडे पाहिलं.

"त्याची बायको."

मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. तुमचा भाऊ होता तो, पण नवरा तिचा होता. तुम्ही कोण त्याला जिवंत करणारे? पण शांतानं माझ्याकडे पाहिलं आणि मी पुन्हा खाली बसले. तिचं कपाळ नेहमीसारखंच कोरं होतं, आणि त्यावरून त्या माणसाला काहीच कळणार नव्हतं. तो उठला, रडत होता आणि हसत होता, दोन्ही हात जोडून तिच्यासमोर गेला.

"वयनी, त्यायले सांगजा, मी आलो होतो म्हनून."

शांतानं वर सायकलीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सांगीन."

त्या एका शब्दानंतर मधुकर कुठेतरी मुंबईत ड्यूटीवर गेला असावा, असं मलाही क्षणभर वाटलं.

तो माणूस जीपमध्ये जाऊन बसला. त्याला काही धड दिसत नसावं, त्यानं दोनदा भलताच गिअर टाकला. गल्ली अरुंद, जीप मागेच घ्यावी लागणार होती. मास्तरांनी घमेल्यातून हात उपसले. मनगटापर्यंत पांढरे, कडक, दुसऱ्याच कुणाचे वाटावेत असे. तसेच ते जीपच्या मागे जाऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि एक हात हलवत म्हणू लागले, "येऊ द्या. येऊ द्या. सरळ. येऊ द्या."

जीप मागे मागे सरकत गेली. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून एक सायकलवाला गल्लीत वळला, कुणीतरी कामावरून येणारा, हँडलला डबा अडकवलेला. मास्तरांनी तो पांढरा हात उंच केला.

"थांबा!"

जीप जागच्या जागी थांबली. सायकलवाला घंटी वाजवत तिच्या आणि मास्तरांच्या मधून निघून गेला. तो गेल्यावरही मास्तर हात तसाच वर धरून उभे होते, आणि तो खाली येईपर्यंत हिवरखेडच्या माणसानं गाडी हलवली नाही.